वेदीवस्त्रांचे पहिले पाणी

वेदीवर मिस्सा तागाच्या शुभ्र वस्त्रावरच अर्पावी, हा दंडक पोप सिल्वेस्टर (३१४-३३५) यांनी घातला असे परंपरा सांगते. ते वस्त्र धुवावे कोणी, याचा इतिहास मात्र आपल्या घरांपर्यंत येऊन पोहोचतो.

१९१७ च्या कॅनन लॉनुसार मिस्सेत वापरलेले कॉर्पोरल व प्युरिफिकेटर प्रथम धुण्याचा अधिकार निदान सबडीकनपदाची दीक्षा झालेल्यासच होता. प्रापंचिकांचे सोडाच, धर्मभगिनींनाही ती मुभा नव्हती. पाचगणीत १८९५ पासून सेंट जोसेफ कॉन्व्हेंट चालविणाऱ्या डॉटर्स ऑफ द क्रॉस यांनाही हाच नियम लागू. सातारा-सांगलीसारख्या विरळ ख्रिस्ती वस्तीच्या मुलखात धर्मगुरू एकटाच असेल, तर बादलीही त्याच्याच हाती!

हा कठोरपणा स्त्रियांविषयीच्या अविश्वासातून आला, असे म्हणणे मला अपुरे वाटते. कॉर्पोरलच्या घड्या आतल्या बाजूस घालतात, त्या ख्रिस्तशरीराचा कणही बाहेर सांडू नये म्हणून. चिंता त्या कणाची होती.

१९७२ साली पोप सहावे पॉल यांनी लॅटिन चर्चमधील सबडीकनपद रद्द केले. १९८३ च्या संहितेत तो निर्बंध उरला नाही. आज आपल्या भगिनी ही सेवा स्वेच्छेने करतात, तेव्हा एकेकाळी दीक्षितांसाठी राखलेले काम त्यांच्या हाती असते. नियम गेला, चिंता राहिली. २००४ च्या रोमच्या सूचनेनुसार पहिली धुलाई हाताने करून ते पाणी साक्रारियममध्ये वा योग्य जागी मातीत ओतणे प्रशंसनीय आहे. गटारात नव्हे. वॉशिंग मशीन त्यानंतर.