स्कॅमबेटिंग

फोनवरून वा ई-मेलने लुबाडणाऱ्या भामट्याला आपण सावज असल्याचे भासवून बोलण्यात गुंतवणे व त्याचा वेळ खाणे.

नायजेरियन ई-मेल फसवणुकीला (पहा : सायबर गुन्हे) उत्तर म्हणून हा प्रकार रुजला.

‘लेनी’ हा ध्वनिमुद्रित म्हातारा विशेष परिचित. मोजक्या १६ फितींवर तो चालतो : नीट ऐकू येत नाही म्हणतो, मुलीबद्दल सांगत बसतो, मध्येच बदके कलकलतात. भामटा थांबला की पुढची फीत वाजते. ब्रिटनच्या ओ-टू कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘डेझी’ ही विणकामावर बोलत राहणारी आजी (पहा : कृत्रिम बुद्धिमत्ता) आणली.

भामटा अडकतो तेवढा वेळ दुसरे सावज वाचते, हे याचे खरे मोल. भामट्याला स्वतःच्या संगणकाचा ताबा देणे मात्र धोक्याचेच.

अशा भामटेगिरीचे एक उदाहरण : मीरा रोडच्या कॉल सेंटरांतून अमेरिकी करखात्याच्या नावाने धमक्या दिल्या जात. ठाणे पोलिसांनी तेथे ऑक्टोबर २०१६ मध्ये धाडी घातल्या.