एसजीओटीची कुळकथा

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या कुठल्याही लॅबमध्ये काविळीसाठी रक्त दिलं की रिपोर्टवर एसजीओटी आणि एसजीपीटी ही जोडी असतेच. यांतल्या थोरलीचा, एसजीओटीचा, यकृताशी सुरुवातीला काही संबंध नव्हता. १९३७ साली मॉस्कोत ब्राउनश्टाइन आणि क्रित्समान यांनी अमिनो गटांची देवघेव शोधली, तीही कबुतराच्या स्नायूत. मग १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी दाखवलं, की हार्ट अटॅकनंतर ही देवघेव करणारं एन्झाइम, म्हणजेच एसजीओटी, रक्तात चढतं. पेशी मेली की आतला माल बाहेर सांडतो, एवढंच त्यामागचं तत्त्व. पण यकृताच्या पेशींतही हाच माल ठासून भरलेला, त्यामुळे काविळीत आकडे थेट हजारांत जायला लागले. पाठोपाठ धाकटी एसजीपीटी आली. ती मात्र बहुतांशी यकृताचीच. पुढे हृदयाला ट्रोपोनिनची टेस्ट मिळाली आणि एसजीओटी सासरी कायमची रुळली.

ही टेस्ट साध्या लॅबच्या आवाक्यात आणली १९५७ साली राइटमन आणि फ्रँकेल यांनी. जुन्या टेक्निशियनांना ती हातासरशी आठवेल: ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये एसजीपीटीच्या नळ्या अर्धा तास, एसजीओटीच्या तासभर, मग डीएनपीएच हे रसायन घालून वीस मिनिटं थांबायचं, शेवटी कॉस्टिक सोडा ओतला की तपकिरी रंग उतरतो आणि तो कलरीमीटरवर ५०५ नॅनोमीटरला वाचायचा. आता मशीन तेच काम काही मिनिटांत करतं. नावं बदलून एएसटी, एएलटी झाली, तरी आपल्या ओपीडीत कोणी ती घेत नाही.

या जोडीचा खरा कस लागतो तो यकृतदानात. नागपुरात २०१८ च्या आधी यकृत प्रत्यारोपण होत नसे. ब्रेन डेड दात्याच्या घरच्यांनी होकार दिला, तर शहरात ग्रीन कॉरिडॉर करून यकृत विमानतळावर आणि तिथून बाहेरगावी जायचं. दाता हायवेवरच्या अपघातातला असला, की विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीतून फाइल फिरते आणि सर्जनची नजर याच दोन आकड्यांवर पडते. इथे कुळाची माहिती कामाला येते. मांडीचा चेंदामेंदा झालेल्या माणसाची एसजीओटी निव्वळ स्नायूंमुळेही चढते. एसजीपीटी त्यामानाने खाली असेल, तर यकृतावर लगेच बोट ठेवता येत नाही. वाटेत बीपी कोसळलं असेल किंवा हृदय थांबून पुन्हा चालू केलं असेल, तर यकृताला काही वेळ ऑक्सिजनच मिळालेला नसतो. तेव्हा दोन्ही एकदम हजारांवर उडतात.

म्हणून एका रिपोर्टवर यकृत नाकारणं मला घाईचं वाटतं. एसजीओटी रक्तात साधारण १७ तासांत निम्मी होते, एसजीपीटीला मात्र ४७ तासांच्या आसपास लागतात. मार बसून थांबला असेल, तर पुढच्या रिपोर्टांत एसजीओटी झपाट्याने उतरते आणि एसजीपीटी मागे रेंगाळते. आकडे चढतच राहिले, तर इजा अजून चालू आहे. शिवाय हे आकडे सांडलेला माल मोजतात. यकृत काम किती करतंय ते रक्त गोठण्याचा आयएनआर आणि बिलिरुबिन सांगतात, आणि त्यात चरबी किती साठली आहे ते बायोप्सीत दिसतं.

२००६ साली फेंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नोंदींवरून दात्याच्या जोखमीचं सूत्र काढलं. त्यात दात्याचं वय, मृत्यूचं कारण, उंची, यकृत बर्फात किती तास राहिलं, असं बरंच काही आलं. एसजीओटी-एसजीपीटीला मात्र जागा मिळाली नाही. युरोपने २०१२ मध्ये स्वतःचं सूत्र केलं, त्यात यकृताची एक रक्ततपासणी घेतली, पण ती निघाली गॅमा जीटी! दात्याच्या खात्यात अशी उपेक्षा झालेल्या या जोडीला मान मिळतो तो ऑपरेशननंतर. २०१० च्या ऑल्टहॉफ यांच्या व्याख्येनुसार, पहिल्या सात दिवसांत दोघींपैकी एकही २००० च्या वर गेली, तर नवं यकृत सुरुवातीलाच अडखळलं असं धरतात. सातव्या दिवशी बिलिरुबिन १० किंवा त्याहून जास्त, नाहीतर आयएनआर १.६ किंवा त्याहून जास्त आला, तरी निदान तेच.