नारायणगुड्याच्या शाळा आणि परभाषेचा उंबरठा

निजामाच्या हैदराबाद संस्थानात निम्म्याच्या आसपास प्रजा तेलुगूभाषिक होती, सुमारे एक-चतुर्थांश मराठीभाषिक. उर्दूभाषिकांचे प्रमाण ह्या दोहोंपेक्षा पुष्कळच कमी. तथापि १८८४ च्या सुमारास फार्सीची जागा घेऊन उर्दू ही राजभाषा झाली आणि कचेरीच्या दाराची किल्ली त्या एका भाषेच्या स्वाधीन झाली. ज्या वकील-देशपांडे घराण्यांत फार्सी लेखणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, त्यांच्या मुलांना उर्दू जड गेली नाही. कुणब्याच्या वा कोष्ट्याच्या मुलाची गोष्ट निराळी. प्राथमिक वर्गांत मातृभाषेला काही वाव होता. पुढे माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर परभाषा उभी असे, आणि तेथूनच बहुतेक मुले परत फिरत. बापाची निरक्षरता मुलाच्या वाट्याला येई, ती अशी.

१९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा भारतातील पहिलाच मोठा प्रयोग होय. त्याच्या भाषांतर विभागाने विज्ञान, इतिहास, कायदा अशा नाना विषयांचे ग्रंथ उर्दूत आणले. ह्या कार्याचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. परंतु देशी भाषा म्हणून निवडली गेली ती बहुसंख्य प्रजेच्या घरातील नव्हती.

ह्या पार्श्वभूमीवर नारायणगुड्याचे महत्त्व ध्यानी येते. १९२८ साली माडपाटी हनुमंतराव ह्यांनी तेथे मुलींसाठी तेलुगू माध्यमाची शाळा काढली. शाळा निघाली, पण परीक्षेचे काय? तेलुगूतून शिकलेल्या मुलीला उस्मानियाची मान्यता नव्हती, आणि प्रमाणपत्रावाचून शिक्षिकेची जागाही मिळण्यासारखी नव्हती. तेव्हा आधार लाभला तो महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्या महिला विद्यापीठाचा. १९१६ साली पुण्यात स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचे मातृभाषेतून शिक्षण हे मूळ सूत्रच होते. अशा रीतीने हैदराबादच्या तेलुगू मुली एका मराठी माणसाने उभारलेल्या विद्यापीठाच्या परीक्षांना बसल्या. पोर्तुगीज अमदानीत गोमंतकातील महाजन घराण्यांची मुले शिक्षणासाठी मुंबई, बेळगाव, धारवाड गाठीत, त्याचीच ही दुसरी आवृत्ती. मात्र येथे मुलींना गाव सोडावे लागले नाही, परीक्षाच त्यांच्या दारी आली.

मराठी मंडळींचा उद्योगही ह्याच काळातला. परभणीकडच्या पुरजळचे केशवराव कोरटकर गुलबर्ग्यास वकिली करून हैदराबादेस आले आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदापर्यंत चढले. स्वतःस सर्व दारे उघडी असताना त्यांनी गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आणि हैदराबादची विवेकवर्धिनी ह्या शाळांसाठी खस्ता खाल्ल्या, ही गोष्ट विशेष मानावी लागेल. १९३२ साली ते निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ १९४० साली नारायणगुड्यात केशव स्मारक संस्था उभी राहिली. तिच्या धुरीणांत त्यांचे पुत्र बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकार होते. त्याआधी दोनच वर्षे, १९३८ साली, 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानियातून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला होता. ज्यांच्या घरी नागपूरच्या खर्चाची ऐपत नव्हती, त्यांचे शिक्षण तेथेच खुंटले असल्यास नवल नाही.

१९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले आणि उस्मानियात उर्दूच्या जागी इंग्रजी आली. कालपर्यंत ज्यांची पदवी हुकमाचे पान होती, त्या उर्दूशिक्षित तरुणांवर आता परभाषेच्या दाराशी तिष्ठण्याची पाळी आली. त्यांत अनेक मराठी घरांतील मुलगेही होते. वडिलांनी हौसेने शिकविलेली उर्दू त्यांना अर्ज लिहिण्यापुरतीही उपयोगी पडेना.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. नारायणगुड्यातील मराठी कुटुंबे आंध्र प्रदेशाच्या राजधानीत अलीकडेच राहिली. त्यांच्या मुलांनी तेलुगू बाराखडी गिरविली; घरी पाढे मात्र मराठीतच म्हटले जात.