डोळ्याची पारख कामावरच

मधमाशीला रंग दिसतात की नाही, हा प्रश्न वरवर पाहता फुरसतीचा वाटेल. पण या प्रश्नावर एके काळी युरोपातील विद्वानांत मोठा वाद माजला होता, आणि त्याचा निकाल ज्या रीतीने लागला ती रीत आपणां सर्वांच्या उपयोगी पडण्याजोगी आहे. म्हणून तो इतिहास आज थोडक्यात मांडतो.

१७९३ साली श्प्रेंगेल नावाच्या जर्मन शिक्षकाने असे प्रतिपादन केले की, फुलांचे रंग म्हणजे कीटकांना मधाची वाट दाखविणाऱ्या खुणा होत. पण ज्याच्यासाठी खूण केली त्याला रंगच दिसत नसेल तर? हे प्रयोगाने पाहणाऱ्यांत इंग्लंडचे सर जॉन लबक हे एक प्रमुख. धंद्याने ते पेढीवाले. पण नोकरदारांनी हे नाव आठवणीत ठेवावे. बँकांना सुट्ट्या देणारा १८७१ चा कायदा त्यांच्याच खटपटीचा. दुकानांतील अठरा वर्षांखालील मुलांचे काम आठवड्याला ७४ तासांवर आणणाऱ्या १८८६ च्या कायद्यामागेही तेच होते. ७४ तास ही सुधारणा ठरली, यावरून आधीची स्थिती काय असेल ती ओळखावी!

हे लबक घरी मुंग्या पाळीत. मुंग्यांच्या घरावर उजेड पडला की त्या आपले कोष उचलून अंधारात नेतात. लबक यांनी लोलकातून निघालेला सप्तरंगी पट्टा त्या घरावर पाडला. मुंग्यांनी जांभळ्या टोकाकडचे कोष उचलून तांबड्या टोकाकडे नेले. इतकेच नव्हे, तर जांभळ्याच्याही पलीकडे, जेथे आपल्याला नुसता काळोख दिसतो, तेथलेही कोष त्यांनी हलविले! म्हणजे आपल्याला न दिसणारे अतिनील किरण त्यांना जाणवत होते. १८८२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ही हकीकत दिली आहे.

पुढे कार्ल फॉन हेस या नामांकित जर्मन नेत्रवैद्याने निराळाच निर्णय दिला. त्याने मधमाश्यांना अंधारात कोंडले आणि दोन बाजूंनी दोन रंगांचे उजेड दाखविले. माश्या रंग न पाहता जिकडे प्रकाश अधिक तिकडे धावल्या. त्यावरून त्याने ठरविले की मधमाशी पूर्ण रंगांध आहे. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यापुढे बोलणार कोण? बोलला म्युनिकच्या विद्यापीठातील कार्ल फॉन फ्रिश हा तरुण अध्यापक. १९१४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने आपले प्रयोग प्रसिद्ध केले.

त्याची युक्ती साधी होती. उघड्यावर मेज मांडले. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखी छटांचे अनेक कागद ठेवले आणि त्यांत एकच निळा. साखरपाणी निळ्यावर. कागदांच्या जागा तो बदलीत राही. मग साखरपाणी काढून घेतले, नवे कागद मांडले. तरी माश्या निळ्यावरच उतरल्या. मधमाशी रंगांध असती, तर तेवढ्याच उजळ राखी कागदाशी तिची फसगत झाली असती. तांबड्याच्या बाबतीत मात्र ती फसली. तांबडा तिला काळ्यासारखाच. तरीही युरोपातील तांबड्या खसखशीच्या फुलांवर माश्या जातात, कारण त्या पाकळ्या अतिनील किरण परतवितात. माशीला ते किरण दिसतात, हे १९२० नंतरच्या दशकात आल्फ्रेड क्यून याने दाखविले. फ्रिशला १९७३ साली इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

आता प्रश्न असा की, हेसचा प्रयोग खोटा होता काय? मुळीच नाही. खोटा होता तो निष्कर्ष. कोंडलेल्या माशीला सुटका हवी असते. तिच्या लेखी उजेड म्हणजे बाहेरची वाट, तेथे रंगाचे कामच नाही. मध गोळा करणाऱ्या माशीचे पोट मात्र रंगावर चालते. डोळा तोच, पण कामाप्रमाणे त्याचा उपयोग निराळा.

हीच रीत आपल्या सह्याद्रीतही फळाला आली आहे. भीमाशंकरच्या रानात लाकूड पोखरून राहणारा एक निशाचर भुंगा आहे. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या घरट्याच्या तोंडाशी रंगीत व राखी खुणा लावून पाहिल्या. नुसत्या चांदण्यांच्या प्रकाशात, जेथे तुम्हीआम्ही रंगांध होतो, तेथे तो भुंगा रंगावरून घर ओळखतो, असे त्यांनी २००८ साली प्रसिद्ध केले. तो पकडून प्रयोगशाळेच्या दिव्याखाली नुसता ठेवला असता तर हे कळले नसते.

यंत्रमागावरील कामगार शेकडो धाग्यांतील एक तुटलेला धागा चालत्या मागावर हेरतो. ही नजर कागदी चाचणीत उतरत नाही, आणि अशी माणसे पगारपत्रकावर पुष्कळदा अकुशलच राहतात. ज्यांच्या हाती श्रेणी ठरविण्याचा अधिकार आहे, त्यांनी निदान एक पाळी मागापाशी उभे राहून काढावी, आणि मगच शेरा लिहावा. फ्रिशने मधमाशीला एवढा न्याय दिला. माणसाला तो देणे काही फार नव्हे.