कडेवरचं पिल्लू

गेल्या शनिवारी पुण्याहून नगरला आलो तेव्हा मांडीवर नऊ आठवड्यांचं पिल्लू होतं. (जिल्ह्याचं अधिकृत नाव आता अहिल्यानगर. आमच्या घरात अजून नगरच.) फाटकात शिरतो न शिरतो तोच आई म्हणाली, "त्याला खाली ठेवू नकोस रे, इंजेक्शनं व्हायचीत ना अजून?" आणि ओट्यावरून आप्पा, "काही होत नाही त्याला. रस्त्यावरच्या कुत्र्यांना कोण इंजेक्शनं देतं?"

ही दोन्ही मतं मी भोगलेली आहेत. १९९६ साली मोती आला, तो आप्पांच्या मताने वाढला. आल्या दिवसापासून गल्लीत मोकळा. तिसऱ्या आठवड्यात उलट्या, मग रक्ताची हगवण, पाचव्या दिवशी संपला. कुणी म्हणालं विष खाल्लं, कुणी म्हणालं गॅस्ट्रो. नोकरीला लागल्यावर पुण्यात राणी आणली, ती आईच्या मताने वाढवली. चार महिने फ्लॅटचं दार ओलांडू दिलं नाही. राणी बारा वर्षं जगली, पण रिक्षा दिसली की पलंगाखाली, अनोळखी माणूस आला की दात बाहेर. म्हणजे एकदा जीव गेला, एकदा स्वभाव. म्हणून या खेपेला ठरवलं, की 'सगळे डोस होईपर्यंत बाहेर नाही' हा नियम आला कुठून ते आधी शोधायचं.

सुरुवात डिस्टेंपरपासून करू. (आपल्याकडे डिस्टेंपर म्हणजे भिंतीचा रंग, पण हा त्याच नावाचा कुत्र्यांचा जीवघेणा आजार.) अठराव्या शतकात तो युरोपभर पसरला. देवीची लस काढणाऱ्या एडवर्ड जेनरनेही १८०९ मध्ये त्यावर निबंध लिहिला होता. १९०५ मध्ये हेन्री कारे या फ्रेंच पशुवैद्याने दाखवून दिलं, की हा आजार बारीक गाळणीतूनही निसटणाऱ्या कशाने तरी होतो, म्हणजे विषाणूने. लसीसाठी पैसे उभे केले ते मात्र 'द फील्ड' या शिकार-शेतीवाल्या ब्रिटिश मासिकाने. १९२३ मध्ये वाचकांकडून निधी गोळा झाला आणि लंडनजवळ मिल हिलला लेडलॉ आणि डंकिन यांनी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यावर प्रयोग करून दशकाच्या शेवटी लस तयार केली. गंमत म्हणजे ते फेरेट हाताशी होते म्हणून १९३३ मध्ये तिथेच माणसाच्या फ्लूचा विषाणूही सापडला. असो.

त्याच सुमाराची एक भारतातली गोष्ट. नगरचा भुईकोट किल्ला म्हटलं की आपल्याला नेहरू आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' आठवतात, १९४२ ते ४५ ते इथे कैदेत होते. पण ही गोष्ट त्याआधीची, डेहराडूनच्या तुरुंगातली. १९३६ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात नेहरूंनी तुरुंगातल्या प्राण्यांवर एक प्रकरण लिहिलंय. एका सोडून दिलेल्या कुत्रीला ते खाऊ घालायचे. ती मोरीपुलाखाली व्याली, त्यातली तीन पिल्लं उरली आणि एकाला जबर डिस्टेंपर झाला. रात्रीत दहा-बारा वेळा उठून त्यांनी त्याची शुश्रूषा केली आणि ते वाचलं. लस निघून तेव्हा जेमतेम काही वर्षं झाली होती. पुलाखालच्या पिल्लाला ती कोण देणार? माझ्या मोतीच्या वेळी लस मात्र बाजारात होती. हे अजून टोचतं.

मोतीला झालेला आजार मात्र डिस्टेंपर नव्हता. लक्षणं आठवली की आज जवळजवळ खात्रीने सांगता येतं, तो पार्व्हो. आणि 'पाऊल बाहेर नको' या नियमातली खरी भीती पार्व्होचीच आहे. १९७८ पूर्वी हा आजार कुणाला माहीतच नव्हता. त्या वर्षी अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया अशा एकमेकांपासून लांबच्या ठिकाणी पिल्लं पटापट मरायला लागली. मांजरांच्या एका जुन्या विषाणूत, किंवा त्याच्या जवळच्या भावंडात, मोजके बदल होऊन तो कुत्र्यांना लागू झाला होता. दोनेक वर्षांत तो जगभर पोचला, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भारतातही. सुरुवातीला स्वतंत्र लस नव्हती म्हणून डॉक्टरांनी मांजरांची लस कुत्र्यांना टोचून वेळ निभावली! डिस्टेंपरचा विषाणू उन्हात, कोरड्यात लवकर मरतो. पार्व्होचा तसा नाही. आजारी कुत्र्याची विष्ठा कधीच दिसेनाशी झालेली असते, पण सावलीतल्या मातीत विषाणू महिनोन्महिने टिकतो आणि तुमच्या चपलेला चिकटून घरातही येतो. साध्या फिनाइलवर भरवसा नको. पातळ केलेलं ब्लीच त्याला मारतं.

आता प्रश्न, की इतके डोस कशाला? मला कायम वाटायचं पहिला डोस म्हणजे ३० टक्के संरक्षण, दुसरा ६०, तिसरा १००. तसं अजिबात नाही. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, तयार संरक्षण मिळतं. ते अंगात शिल्लक असेपर्यंत लसीलाच मारून टाकतं. १९५०च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात जेम्स बेकर आणि सहकाऱ्यांनी डिस्टेंपरबाबत हा हिशोब मांडला. हे संरक्षण कुणाचं सहाव्या आठवड्यात संपतं, कुणाचं चौदाव्या. बाहेरून कळत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर हे व्हर्जन एक-दोन-तीन नव्हे, हे रिट्राय आहेत. लॉक कधी सुटेल माहीत नाही, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा धडक मारायची. शेवटची धडक सोळाव्या आठवड्यात किंवा नंतर, असं जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात. मधे एक वाईट काळ येतो, आईचं संरक्षण रोग अडवायला अपुरं, पण लस अडवायला पुरेसं. मोती बहुधा त्याच फटीत सापडला. अर्थात त्याला एकही डोस दिला नव्हता, त्यामुळे फटीला दोष देण्यात अर्थ नाही.

आणि आप्पांचा प्रश्न? त्याचं उत्तर आपल्याच शेजारी आहे. सोलापूरला लागून, आपल्या कर्जत-श्रीगोंद्यापर्यंत पसरलेलं माळढोक अभयारण्य तुम्हाला माहीत असेल. तिथल्या नान्नजच्या माळावर अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक आणि सहकाऱ्यांनी गावांतल्या मोकळ्या कुत्र्यांचं रक्त तपासलं. बहुतेक प्रौढ कुत्र्यांत पार्व्हो आणि डिस्टेंपर येऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे रस्त्यावरची कुत्री रोगाला पुरून उरतात, हे खरं, पण ती उरलेली कुत्री! न उरलेली मोजायला आपण जातच नाही. बंगालमधल्या संशोधकांनी ती मोजली. ३६४ पिल्लांपैकी प्रजननाच्या वयापर्यंत १९ टक्केच पोचली. (त्या मृत्यूंत रोगापेक्षा माणसाचा हात मोठा होता, हेही सांगायला हवं.)

इथवर आईची सरशी. पण राणीचं काय?

तर पार्व्होच्या सतरा वर्षं आधी, १९६१ मध्ये, अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत एक प्रयोग झाला. उंच कुंपणाच्या शेतात पिल्लांना माणसाचं दर्शन न होऊ देता वाढवलं. काहींना दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात एकेक आठवडा माणसांत आणलं. ज्यांना चौदा आठवडे माणूस भेटलाच नाही, ती जवळपास रानटी झाली. स्कॉट आणि फुलर यांनी १९६५च्या ग्रंथात तेच सविस्तर मांडलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते 'आपलं' होतं. पारनेरकडच्या धनगरांना हे सांगायला बार हार्बर लागलं नाही. त्यांच्या वाड्यावरचं पिल्लू मेंढरांतच मोठं होतं, म्हणून मोठेपणी मेंढरं राखतं.

आता आकडे शेजारी ठेवा. मनाची खिडकी बाराव्या आठवड्याच्या आसपास मिटते, लसीचं दार सोळाव्यात उघडतं. नियम जसाच्या तसा पाळला तर पिल्लू जग बघतं ते खिडकी मिटल्यावर. १९७८ नंतर घाबरलेल्या डॉक्टरांनी आपल्यापुरतं बरोबरच सांगितलं होतं, पण बार हार्बरचा धडा मागे पडला. २००८ मध्ये अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेने जाहीर भूमिका घेतली, की पहिल्या डोसनंतर किमान सात दिवसांनी, सातव्या-आठव्या आठवड्यापासून पिल्लांना स्वच्छ जागी इतरांमध्ये मिसळू द्या. २०१३ मध्ये चार अमेरिकी शहरांतली पाहणी आली. अशा वर्गांना गेलेल्या २७९ पिल्लांपैकी एकालाही पार्व्हो झाला नाही.

पण थांबा, तो वर्ग म्हणजे पुसलेली फरशी आणि लस घेतलेली पिल्लं. आपली गल्ली म्हणजे नान्नजचा माळ. त्यामुळे तिथला निष्कर्ष इथे तसाच्या तसा डकवता येणार नाही. माझ्या डॉक्टरांनी जे सुचवलं ते मला पटलं. जग दाखवायचं, पण जमीन दाखवायची नाही. कडेवर घेऊन बाजार, बँड, रिक्षा, दाढीवाले, हेल्मेटवाले सगळं दाखवायचं. लस पूर्ण झालेला मित्राचा कुत्रा असेल तर त्याच्या गच्चीवर खेळायला न्यायचं. घरी माणसं बोलवायची, चपला बाहेर. आणि सर्वांत जपायचं ते खुद्द दवाखान्याच्या फरशीला, कारण आजारी पिल्लं तिथेच येतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास. पण त्याआधी भटकं कुत्रं पिल्लाला चावलं तर 'लहान आहे' म्हणून वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पिल्लू आपल्याला चावलं वा ओरबाडलं तर जखम साबणाने धुऊन आपणही.

हे सगळं आप्पांना सांगितलं. ऐकून घेतलं, बोलले काही नाहीत. रविवारी सकाळी उठलो तर पिल्लू जागेवर नाही. धावत फाटकाशी गेलो. आप्पा उपरण्याची झोळी करून त्यातून त्याला दुधाच्या केंद्रावर घेऊन गेले होते. येताना कोपऱ्यावर रिक्षावाल्याशी गप्पा मारत उभे. रिक्षा चालूच, धडधडतेय, आणि झोळीतून फक्त एक काळं नाक बाहेर.

"खाली नाही ठेवलं," आप्पा लांबूनच म्हणाले.

दुसरा डोस पुढच्या शनिवारी आहे.