वेताळाचा प्रश्न आणि प्राश्निकांची सभा
(अद्भुत मालिकांविषयीच्या प्रेक्षकचर्चेचा पूर्वेतिहास : विदर्भाच्या संदर्भात)

१

दूरचित्रवाणीवरील भयमालिकेचा एखादा भाग संपला, तरी त्याचे ग्रहण तेथेच थांबत नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत, महाविद्यालयाच्या आवारात किंवा पानठेल्यावर तो भाग पुन्हा एकदा सांगितला जातो आणि सांगता सांगता तपासला जातो. भूत खरोखरीच होते की कोणी रचलेला तो बनाव होता? मागील भागात बंद असलेली खोली या भागात उघडी कशी? अमुक पात्राला ते दिसते आणि तमुक पात्राला दिसत नाही, यामागे काही हेतू आहे की लेखकाचा निष्काळजीपणा? ज्याचा भाग चुकला असेल त्याच्यासाठी कथन होते. ज्याने तो पाहिला असेल त्याच्याशी वाद होतो. आपल्या समीक्षेने या बोलण्याला सहसा ‘गप्पा’ या सदरात टाकून बाजूला सारले आहे. मालिका हा प्रकारच जेथे वाङ्मयीन विचाराच्या कक्षेबाहेरचा मानला गेला, तेथे तिच्याविषयीच्या बोलण्याची दखल कोण घेणार?

तथापि या बोलण्याला इतिहास आहे, आणि तो दूरचित्रवाणीहून कितीतरी जुना आहे. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आढळतात. ‘भूत खरे काय?’ हा पहिला, आणि ‘या भुताचा लाभ कोणाला?’ हा दुसरा. पहिला प्रश्न ठळक आहे. मात्र विदर्भाशी निगडित असलेली नाट्यपरंपरा, सर्वदूर पसरलेली वेताळकथांची परंपरा आणि नागपुरात गेल्या चार दशकांत घडलेल्या काही घटना एकत्र पाहिल्या, तर दुसरा प्रश्न अधिक मूलगामी असल्याचे दिसून येते. या लेखात त्याच प्रश्नाचा माग घ्यावयाचा आहे.

२

प्रेक्षकाच्या प्रतिसादाचा विचार युरोपीय समीक्षेत हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ च्या सुमारास ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडल्यापासून सुरू झाला, असा एक समज विद्यापीठीय वर्तुळात आढळतो. भरताच्या नाट्यशास्त्राचा सिद्धिविषयक सत्ताविसावा अध्याय डोळ्यांसमोर असता, हा समज टिकणे कठीण आहे. नाट्यप्रयोगाची मानुषी सिद्धी कशी ओळखावी, याची तेथे अक्षरशः यादी दिली आहे. स्मित, अर्धहास, अतिहास, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार आणि मोठा गलका ही तिची वाचिक लक्षणे. रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्र वा अंगठी देऊन टाकणे ही शारीरिक लक्षणे. प्रेक्षागृह भरलेले असणे आणि तेथे गोंगाट वा उत्पात नसणे ही दैवी सिद्धीची खूण होय.

याहूनही महत्त्वाची आहे ती ‘प्राश्निक’ ही संकल्पना. प्रयोगाविषयी वाद उपस्थित झाला, तर निर्णय कोणी द्यावा? भरत त्यासाठी एकच सर्वज्ञ रसिक नेमत नाही. यज्ञवेत्ता, नर्तक, छंदोवेत्ता, शब्दवेत्ता, राजा, धनुर्विद्येचा जाणकार, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक अशा दहा जणांचा तो निर्देश करतो. प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे. यज्ञ दाखविला असेल तर यज्ञवेत्त्याने बोलावे. वेशभूषा व रंगकाम यांविषयी चित्रकाराने बोलावे. निवाडा हा वाटून घेतलेल्या जाणकारीतून निष्पन्न होतो, ही कल्पना त्या काळाच्या मानाने विलक्षण आहे.

भयमालिकेविषयी बोलणारा गट ही अशीच एक अनौपचारिक प्राश्निकसभा असते. एकाला रंगभूषेतील उणीव दिसते, दुसऱ्याला पोलीस तपासातील चूक खटकते, तिसऱ्याला बोलीतला खोटेपणा जाणवतो, चौथ्याला तीच कथा आधी कोठे वाचली ते आठवते. २०१६ मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली, तेव्हा तिच्यातील मालवणी वळणाची भाषा आणि कोकणातील वाडा हे कोकणी प्रेक्षकाच्या ओळखीचे होते. वऱ्हाडी किंवा नागपुरी बोलणाऱ्या प्रेक्षकाला त्या वाड्याविषयी काही सांगण्याचा तसा अधिकार नव्हता. परंतु वाटणीचे तंटे, थोरल्या घरातील दबलेली पापे आणि त्यांवर पांघरूण घालण्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या भुताच्या गोष्टी यांविषयी तोही प्राश्निक होऊ शकत होता.

३

विदर्भाच्या संदर्भात या चर्चेचा पहिला मोठा टप्पा भवभूतीपाशी आढळतो. आठव्या शतकातील हा नाटककार आपले कुल पद्मपुराचे असल्याचे सांगतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावनजीकचे पदमपूर होय, असे प्रतिपादन केले. भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ या प्रकरणाच्या पाचव्या अंकात संस्कृत रंगभूमीवरील कदाचित सर्वांत उग्र असा स्मशानप्रवेश आहे. मालती मिळण्याची आशा संपलेला माधव नरमांस विकण्यासाठी रात्री स्मशानात येतो. पिशाचे, उल्कामुख, कुजलेली प्रेते यांची वर्णने तेथे एकापाठोपाठ येतात. या नाटकात विदूषक नाही, त्यामुळे भीती हलकी करण्याची सोयही नाटककाराने ठेवलेली नाही.

परंतु या प्रवेशाची रचना बारकाईने पाहावयास हवी. पिशाचे माधवाला काहीही करीत नाहीत. ती दिसतात, किळस आणतात आणि मागे हटतात. खरा धोका येतो तो जवळच्या करालेच्या देवळातून. तेथे अघोरघंट हा कापालिक आपल्या शिष्येच्या, कपालकुंडलेच्या साहाय्याने मालतीचा बळी देण्याच्या तयारीत असतो. तिची किंकाळी ऐकून माधव धावतो आणि अघोरघंट मारला जातो. म्हणजे भवभूतीने भयाचे दोन स्तर केले आहेत. भुतांचे भय हे दृश्याचे भय आहे, आस्वादाचा विषय आहे. ज्याचा प्रतिकार करावयाचा ते भय अतींद्रियाच्या नावावर सुरी उचलणाऱ्या माणसाचे आहे. याच नाटकात सौदामिनी ही योगिनी आपल्या सिद्धीने नायक-नायिकेच्या उपयोगी पडते, हे विसरून चालणार नाही. भवभूती अद्भुताचा निषेध करीत नाही. अद्भुत कोणाच्या हाती आहे आणि ते कशासाठी वापरले जात आहे, हे तो विचारतो.

याच नाटकाच्या प्रस्तावनेत भवभूतीने आपल्या टीकाकारांना उत्तर देताना, काळ अनंत आहे आणि पृथ्वी विशाल आहे, तेव्हा कधी ना कधी आपला ‘समानधर्मा’ जन्माला येईल, अशी आशा व्यक्त केली आहे. हा शब्द आपण सहसा एकाकी प्रतिभावंताच्या अभिमानाचे द्योतक म्हणून वाचतो. तो वेगळ्या प्रकारेही वाचता येतो. समानधर्मा नेहमी लेखकालाच भेटतो असे नाही. समानधर्मे एकमेकांना भेटतात. एखाद्या मालिकेची आवड असणारी दोन माणसे अनोळखी शहरात तिच्या एका प्रसंगाच्या उल्लेखावरून जवळ येतात, तेव्हा भवभूतीला अपेक्षित असलेली भेटच लहान प्रमाणात घडत असते.

४

दुसरा टप्पा वेताळकथांचा. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त समाविष्ट झालेल्या आणि देशी भाषांतून सर्वत्र पसरलेल्या या कथा सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० मध्ये मराठीत छापील स्वरूपात आणल्या. १९८५ मध्ये रामानंद सागर यांनी त्यांवर ‘विक्रम और वेताल’ ही मालिका दूरदर्शनसाठी केली. बहुतेक ठिकाणी एकच वाहिनी उपलब्ध असण्याचा तो काळ होता. त्यामुळे मुंबईच्या आणि नागपूरच्या घरांत एकाच वेळी तोच वेताळ राजाच्या खांद्यावर बसत असे आणि सोमवारी बोलावयास सर्वांना एकच विषय असे.

या कथाचक्राची अट चर्चेच्या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण आहे. राजाने बोलावयाचे नाही. बोलला तर वेताळ परत झाडावर जाणार. परंतु उत्तर ठाऊक असूनही तो गप्प राहिला, तर त्याचे मस्तक फुटणार. ऐकणाऱ्याला मौनाची सवलत नाही. कथा ऐकणे म्हणजे निवाड्याचे दायित्व स्वीकारणे, असे येथे गृहीत धरले आहे. मालिकेत प्रश्न आणि राजाचे उत्तर यांच्यामध्ये जो क्षण जाई, त्या क्षणी घरोघरचे प्रेक्षक राजाच्या जागी असत. उत्तर ऐकल्यावर ते पटले नाही, तर वाद राजाशी नव्हे, शेजाऱ्याशी होई.

त्स्वेतान तोदोरोव्ह याने १९७० मध्ये अद्भुताची व्याख्या करताना वाचकाची द्विधा मनःस्थिती हे त्याचे लक्षण मानले. नैसर्गिक स्पष्टीकरण आणि अलौकिक स्पष्टीकरण यांमध्ये मन हेलकावत राहते तोवरच अद्भुत टिकते. हे विवेचन एकट्याने वाचणाऱ्या वाचकाला गृहीत धरते. चर्चेत मात्र ही द्विधा एकाच मनात राहत नाही; ती माणसामाणसांत वाटली जाते. एक जण भुताची बाजू घेतो, दुसरा तर्काची, आणि पुढचा भाग येईपर्यंत दोघेही आपापली बाजू पुराव्यानिशी लढवतात. १९९५ मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झालेल्या ‘आहट’मध्ये आरंभीच्या काळात मानवी गुन्ह्याच्या आणि पिशाचाच्या अशा दोन्ही प्रकारच्या कथा असत. त्यामुळे आजची कथा कोणत्या जातीची, हेच ओळखावे लागे. आठवड्याच्या खंडाने या ओळखण्याला अवकाश दिला. पुढे दैनंदिन मालिकांनी तो एका दिवसावर आणला, त्याबरोबर तर्काची जागा बऱ्याच अंशी उत्सुकतेने घेतली.

वेताळकथेचा शेवटही येथे आठवावयास हवा. अखेरच्या प्रश्नाला राजापाशी खरोखरच उत्तर नसते. तो गप्प राहतो. तेव्हा प्रसन्न झालेला वेताळ त्याला सांगतो, की ज्या भिक्षूसाठी तू हे प्रेत वाहून नेत आहेस, तो तुझाच बळी देणार आहे. भूत सत्य सांगते. घातक असतो तो साधक. स्मशान, प्रेत, बळीची तयारी आणि त्यामागचा माणूस ही ‘मालतीमाधवा’तील मांडणी येथे स्वतंत्रपणे पुन्हा भेटते.

५

हा केवळ कथारचनेचा योगायोग आहे काय? नागपुरापुरते तरी तसे म्हणता येत नाही. भारतात रंगीत दूरदर्शन आले ते १९८२ मध्ये. त्याच वर्षी श्याम मानव यांच्या पुढाकाराने नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्य सुरू झाले. एका बाजूने घराघरात वेताळ, आणि पुढे रामसे बंधूंची पिशाचे, येऊ लागली. दुसऱ्या बाजूने भानामती आणि करणी यांमागचा मानवी हात जाहीर सभांतून उघड करून दाखविण्याची चळवळ वाढू लागली. बंद खोली उघडली कशी, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, नरबळी व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा विधिमंडळाने संमत केला. भूत उतरविण्याच्या बहाण्याने माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, मारणे, छळणे यांचा त्याच्या अनुसूचीत समावेश आहे. गुन्हा ठरतो तो भुताच्या नावाने केलेल्या कृत्याचा. भुतावर कथा रचणे हा गुन्हा नव्हे.

असे असूनही ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू होताच, कोकणाची बदनामी होते आणि अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असे आक्षेप घेण्यात आले. ‘हे केवळ मनोरंजन आहे’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. ही दोन्ही मते समीक्षेच्या दृष्टीने अपुरी आहेत. पहिले मत भुताच्या दर्शनालाच दोष देते; त्या न्यायाने भवभूतीचा पाचवा अंकही वर्ज्य ठरेल. दुसरे मत कलाकृतीला परिणामाच्या प्रश्नातून सरसकट मुक्त करते. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात करणीच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांना गावासमोर बांधून मारहाण झाली. त्या मारहाणीला एखादी मालिका कारण झाली असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. परंतु ज्या प्रदेशात असे घडते, तेथे ‘केवळ मनोरंजन’ हे उत्तर फार सोयीचे आहे, एवढे मान्य करावयास हवे.

या दोन टोकांमध्ये निवड करण्याचा निकष प्रेक्षकांच्या बोलण्यातच सापडतो. नारायण धारप यांच्या भयकथा, रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा, आणि त्यांच्या लेखनावरून झालेल्या ‘ग्रहण’ (२०१८) व ‘गहिरे पाणी’ यांसारख्या मालिका यांविषयी बोलताना जाणकार चाहता ‘भूत दाखविले’ अशी तक्रार करीत नाही. त्याची तक्रार वेगळी असते : शेवट आधीच्या भागांशी जुळला नाही, भगताच्या शब्दावर सर्वांनी विनाकारण विश्वास ठेवला, जिच्यावर संशय घेतला ती बाई निर्दोष निघाली तरी तिची कोणी क्षमा मागितली नाही. वरवर पाहता या रचनेविषयीच्या तक्रारी आहेत. यांतील शेवटची तक्रार मात्र रचनेत मावत नाही. संशयिताला न्याय मिळाला काय, असा तिचा आशय आहे. आणि जिवतीच्या प्रसंगी विचारावयाचा प्रश्नही नेमका हाच असतो.

६

अद्भुत मालिकांविषयीची चर्चा हा म्हणून रसास्वादाचा उरलासुरला भाग नव्हे. भरताने तिला सभेचे रूप दिले, भवभूतीने तिच्यासाठी समानधर्म्याची वाट पाहिली आणि वेताळाने तिला अनिवार्य ठरविले. भूत खरे की खोटे, यावर समीक्षेने निर्णय देण्याची आवश्यकता नाही. तो वाद आठवडाभर रंगत राहिला तर कलाकृतीचे त्यात काही बिघडत नाही. भुताच्या आडून सुरी कोणी उचलली आहे, हे ज्या मालिकेत प्रेक्षकाला विचारता येते ती या परंपरेतली. जी त्याला तो प्रश्न सुचूच देत नाही ती कितीही घाबरविणारी असली, तरी परंपरेच्या कसोटीस उतरत नाही.

उत्तर नसेल तर गप्प राहण्याची मुभा राजालाही होती. पानठेल्यावर उभ्या असलेल्या प्रेक्षकापाशी पुष्कळदा उत्तर असते आणि तो ते बोलूनही दाखवितो. ते ऐकून नोंदविण्याचे काम समीक्षेकडे राहिले आहे.