चालक-साहाय्य प्रणालींची बहुवाहन चाचणी

चालक-साहाय्य प्रणालींची बहुवाहन चाचणी : आपत्कालीन ब्रेक आपोआप लावणारी, पुढील वाहनापासून अंतर राखणारी वा गाडी मार्गिकेत ठेवणारी प्रणाली (अ‍ॅडास) अनेक वाहनांच्या गर्दीत कशी वागते, हे बंदिस्त टेस्ट ट्रॅकवर तपासण्याची पद्धत.

प्रसंग : सर्वांत साध्या चाचणीत दोनच वाहने असतात. आपत्कालीन ब्रेकचे मूल्यांकन २०१४ पासून करणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या युरोपातील वाहनसुरक्षा-मूल्यांकन कार्यक्रमाच्या एका चाचणीत दोन्ही वाहने ताशी ५० किमी. वेगाने धावतात आणि पुढचे वाहन ब्रेक लावते. दोहोंतील अंतर ४० किंवा १२ मी. असते; १२ मी. अंतर या वेगाने कापायला एक सेकंदही लागत नाही. तिसरे वाहन आले की प्रश्न अधिक अवघड होतो. ‘कट-इन’ प्रसंगात शेजारच्या मार्गिकेतील गाडी एकदम पुढ्यात शिरते. ‘कट-आउट’मध्ये पुढची गाडी ऐनवेळी बाजूला होते आणि तिच्याआड उभी असलेली गाडी समोर उघडी पडते. तोवर ती प्रणालीच्या कॅमेऱ्याला दिसलेली नसते. रडारला पूल, फलक, कठडे यांच्याकडूनही स्थिर वस्तूंचे संकेत मिळतात. विनाकारण ब्रेक लागू नये म्हणून अनेक प्रणाली असे संकेत गाळतात. त्यामुळे उभी गाडी ओळखायला उशीर होऊ शकतो. युरो एनकॅपने २०२० पासून साहाय्यित वाहनचालनाच्या श्रेणीकरणात हे दोन्ही प्रसंग घेतले.

साधने : लक्ष्य म्हणून फोमची हलकी मोटार वापरतात. रडार व कॅमेऱ्याला ती खऱ्या गाडीसारखी भासते. ती एका बुटक्या स्वयंचलित फलाटावर बसवलेली असते. धडक झाल्यास तिचे भाग सुटे होतात, फलाटावरून चाचणीची गाडी निघून जाते आणि भाग पुन्हा जोडून तीच चाचणी लगेच घेता येते. स्टिअरिंग व पेडल यंत्रमानव हाताळतात. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीमुळे वाहनांची जागा काही सेंमी.पर्यंत अचूक राहते. एकच प्रसंग हुबेहूब पुन्हा घडवता आला, तरच दोन गाड्यांची तुलना न्याय्य ठरते.

भारतातील संदर्भ : इंदूरजवळ पीथमपूर येथील ‘नॅट्रॅक्स’ या वाहन-चाचणी केंद्रात ११.३ किमी. लांबीचा अतिवेग ट्रॅक आहे. देशाचे स्वतःचे सुरक्षा-मूल्यांकन, ‘भारत एनकॅप’, २०२३ मध्ये सुरू झाले. मात्र भारतातील रस्त्यांवर दुचाकी, रिक्षा, ट्रक व पादचारी एकत्र असतात आणि मार्गिकेची शिस्त सैल असते. त्यामुळे मोटारींपुरत्या आखलेल्या प्रसंगांतील चांगले गुण येथे पुरेसा पुरावा ठरत नाहीत. दुचाकी आडवी घुसण्याचे प्रसंगही ट्रॅकवर तितक्याच काटेकोरपणे मांडले गेले, तरच प्रणालीवर विसंबणाऱ्या चालकाला आणि रस्त्यावरील इतरांना तिच्या मर्यादा आधी कळतील.